भूमापन, उपग्रहीय

कृत्रिम उपग्रहांकडून सतत प्रक्षेपित होणारे रेडिओ संकेत जमिनीवरील ग्राहीने ग्रहण करून त्यांच्या आधारे बिंदूंची स्थाने ठरविणे व त्यांवरून हद्दी, क्षेत्रफळे आणि नकाशे सिद्ध करणे, या पद्धतीस उपग्रहीय भूमापन म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धती विकसित झाली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांनंतर ती खेड्यातील शेतजमिनीच्या मोजणीपर्यंत येऊन पोहोचली. तिच्यामुळे भूमापकाची एक फार जुनी अडचण दूर झाली : ज्या दोन बिंदूंमधील अंतर वा दिशा मोजावयाची ते एकमेकांपासून दिसले पाहिजेत, ही अट उरली नाही. तथापि ज्ञात बिंदूपासून अज्ञात बिंदूकडे आणि मोठ्या चौकटीकडून तपशिलाकडे जाण्याचा भूमापनाचा मूळ नियम मात्र तसाच राहिला. ग्राहीने दिलेले स्थान नेहमी कोणत्या तरी संदर्भाला धरूनच असते; तो संदर्भ चुकल्यास सेंटिमीटरपर्यंत दिलेला आकडाही निरुपयोगी ठरतो.

पूर्वपीठिका : भारतातील शास्त्रशुद्ध भूमापनाचा पाया विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट टॉमस माउंट येथे मोजलेल्या आधाररेषेने घातला गेला. सु. १२ किमी. लांबीच्या या रेषेवर त्रिकोण रचत व थिओडोलाइटाने कोन मोजत त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेण्यात आली. त्यासाठी वापरलेला मोठा थिओडोलाइट सु. अर्धा टन वजनाचा होता व तो डोंगरमाथ्यांवर आणि मंदिरांच्या गोपुरांवर चढवावा लागे. १८२३ मध्ये लॅम्टन यांचा मृत्यू काम चालू असतानाच हिंगणघाट (जि. वर्धा) येथे झाला. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. गंगेच्या सपाट प्रदेशात दूरचे दिसावे म्हणून विटांचे उंच मनोरे बांधावे लागले, तर काही ठिकाणी दृष्टिरेषेत येणारी झाडे तोडावी लागली. भूमापनाचा बहुतेक खर्च व श्रम मोजण्यापेक्षा दिसण्यासाठीच होत असे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये निश्चित केलेले पृथ्वीच्या आकाराचे मान ‘एव्हरेस्ट गोलाभ’ या नावाने ओळखले जाते व भारतातील नकाशे दीर्घकाळ त्यावर आधारलेले होते [⟶ भूगणित].

या राष्ट्रीय चौकटीच्या जोडीने महसुली मोजणीही चालू झाली. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५–३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात शेतवार मोजणीची जी पद्धत घालून दिली, ती पुढे इलाख्यात सर्वत्र पसरली. ३३ फुटी साखळीने शेताची मापे घेऊन ती साखळी व आणे (साखळीचा सोळावा भाग) यांत टिपणात नोंदवीत आणि हद्दीवर दगड रोवीत. साखळीभर लांब व साखळीभर रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा व ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. ही मापे त्या त्या शेताच्या दगडांच्या व बांधांच्या संदर्भात असत; प्रत्येक शेताचा कोपरा अक्षांश-रेखांशांत मांडण्याची कल्पना त्या पद्धतीत नव्हती. देशाची चौकट व शेताचे टिपण यांमधील ही फट पुढे उपग्रहीय पद्धतीने भरून निघू लागली. परंतु त्यामुळेच काही नवे प्रश्नही निर्माण झाले.

ट्रान्झिट प्रणाली : ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट रशियाने स्पुटनिक–१ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्याचे रेडिओ संकेत ऐकत असताना अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतील विल्यम गायर व जॉर्ज वायफेनबाख यांनी संकेतांच्या कंप्रतेत डॉप्लर परिणामामुळे होणारा बदल मोजला आणि एकाच ठिकाणाहून घेतलेल्या या मापनांवरून उपग्रहाची कक्षा काढता येते, हे दाखविले [⟶ डॉप्लर परिणाम]. याच प्रयोगशाळेतील फ्रँक मॅक्‌क्लूर यांनी १९५८ मध्ये हा प्रश्न उलटा केला : कक्षा ज्ञात असेल, तर ऐकणाऱ्याचे स्थान काढता येईल. या विचारातून अमेरिकन नौदलासाठी ट्रान्झिट ही प्रणाली उभी राहिली. तिचा पहिला यशस्वी उपग्रह १९६० मध्ये कक्षेत गेला, १९६४ मध्ये ती कार्यान्वित झाली आणि १९६७ मध्ये ती नागरी वापरासाठी खुली करण्यात आली.

ट्रान्झिटचे उपग्रह सु. १,१०० किमी. उंचीवरून ध्रुवांजवळून जाणाऱ्या कक्षांत फिरत. एका ठिकाणावरून उपग्रह पंधरावीस मिनिटेच दिसे व पुढच्या उपग्रहाची वाट पाहावी लागे. म्हणून एका बिंदूवर ग्राही कित्येक दिवस ठेवून अनेक फेऱ्यांची मापने एकत्र केली जात, तेव्हा सु. एक मीटर अचूकता मिळे. शेताच्या हद्दीसाठी ही पद्धती उपयोगाची नव्हती. पण वाळवंटे, बेटे व ध्रुवप्रदेश अशा त्रिकोणीकरण अशक्य असलेल्या ठिकाणी नियंत्रण बिंदू स्थापण्यास ती फार उपयुक्त ठरली. दोन ग्राही एकाच वेळी दोन ठिकाणी ठेवल्यास दोहोंतील समान चुका परस्परांत जातात व त्यांमधील अंतर अधिक अचूक मिळते, हा पुढे अत्यंत महत्त्वाचा ठरलेला धडाही याच काळात मिळाला. ट्रान्झिटचा स्थाननिश्चितीसाठी होणारा उपयोग १९९६ च्या अखेरीस थांबला.

जागतिक स्थाननिश्चिती प्रणाली : ट्रान्झिटपेक्षा अचूक व अखंड उपलब्ध अशी प्रणाली उभारण्याचा निर्णय अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये घेतला. ही प्रणाली जीपीएस या नावाने ओळखली जाते. तिचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सोडण्यात आला व १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाल्याचे जाहीर करण्यात आले. मूळ योजनेत २४ उपग्रह सहा कक्षातलांत, भूपृष्ठापासून सु. २०,२०० किमी. उंचीवर होते. प्रत्येक उपग्रहात आणवीय घड्याळे असतात. उपग्रह आपली वेळ व कक्षेची माहिती संकेतावर अंकित करून पाठवितो. संकेत पोहोचण्यास लागलेल्या काळाला प्रकाशवेगाने गुणले असता उपग्रहापर्यंतचे अंतर मिळते. घड्याळ सेकंदाचा दशलक्षांश भाग चुकले, तर या अंतरात ३०० मी. चूक होते. ग्राहीत आणवीय घड्याळ नसल्याने त्याच्या घड्याळाची चूक हीच एक अज्ञात राशी मानतात. म्हणून स्थानाचे तीन व वेळेचा एक असे चार अज्ञात काढण्यासाठी किमान चार उपग्रह एकाच वेळी दिसावे लागतात.

सांकेतिक अंकनावरून अशा रीतीने मिळणारे स्थान काही मीटरपर्यंत अचूक असते. नौकानयनास ते पुरते, मोजणीस पुरत नाही. भूमापनास उपयोगी पडली ती वाहक तरंगाची कला मोजण्याची युक्ती. जीपीएसची मुख्य कंप्रता १,५७५.४२ मेगॅहर्ट्‌झ असून तिची तरंगलांबी सु. १९ सेंमी. आहे. या तरंगाच्या आवर्तनाचा अंश मोजता आला, तर काही मिलिमीटरपर्यंत अंतर कळू शकते. अडचण अशी की, उपग्रह व ग्राही यांमध्ये एकूण किती पूर्ण तरंग आहेत, हे मात्र त्यावरून कळत नाही. ही पूर्णांक संख्या शोधून काढणे हाच उपग्रहीय भूमापनाचा गाभा होय.

रेडिओ ज्योतिषशास्त्रातील व्यतिकरणमापनाचा अनुभव असलेले मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील चार्ल्स काउन्सेलमन यांनी या तत्त्वावर आधारलेला मॅक्रोमीटर हा ग्राही विकसित केला व १९८२ मध्ये तो बाजारात आला. त्यावेळी कक्षेत मोजकेच उपग्रह होते. ते दिवसातून काही तासच एकत्र दिसत व पुष्कळदा भूमापकास त्यासाठी मध्यरात्री तिपाई उभी करावी लागे. तरीही कित्येक किलोमीटर अंतरावरील, एकमेकांपासून न दिसणाऱ्या दोन बिंदूंमधील अंतर काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर इतक्या अचूकतेने मिळू शकते, हे सिद्ध झाले. १९८५ च्या सुमारास अमेरिकेतील बेंजामिन रेमोंडी यांनी एक ग्राही स्थिर ठेवून दुसरा बिंदूबिंदूवर फिरविण्याची गतिमान पद्धती दाखवून दिली. निरनिराळ्या उत्पादकांच्या ग्राहींची मापने एकत्र हाताळता यावीत म्हणून बर्न विद्यापीठातील व्हेर्नर गुर्टनर यांनी १९८९ मध्ये रायनेक्स हा समाईक नोंदनमुना सुचविला. पूर्णांक संख्या जलद व खात्रीने काढण्याची लॅम्ब्डा ही गणिती रीत डेल्फ्ट येथील पेटर ट्यूनिसन यांनी १९९३ मध्ये मांडली. याच सुमारास स्थिर ग्राहीची मापने रेडिओद्वारे फिरत्या ग्राहीकडे पाठवून जागच्या जागी उत्तर मिळविण्याची तत्काळ गतिमान पद्धतीही प्रचारात आली. तोपर्यंत मोजणीचे उत्तर कार्यालयात आकडेमोड केल्यावर मिळत असे; आता ते शेतातच मिळू लागले.

दोन ग्राहींच्या पद्धतीचे सामर्थ्य एका ऐतिहासिक प्रसंगाने स्पष्ट झाले. १९९० पासून अमेरिकेने लष्करी कारणास्तव नागरी संकेतांत हेतुपुरस्सर बिघाड मिसळला होता व त्यामुळे एकट्या ग्राहीचे स्थान सु. १०० मीटरपर्यंत चुके. मे २००० मध्ये हा बिघाड बंद करण्यात आला. परंतु मधल्या दहा वर्षांतही भूमापनाचे काम अडले नाही. कारण दोन्ही ग्राहींत ही चूक सारखीच येत असल्याने वजाबाकीत ती नाहीशी होई. रशियाची ग्लोनास, यूरोपची गॅलिलिओ व चीनची बैदू या प्रणालींचे संकेतही पुढे ग्राही घेऊ लागले. त्यामुळे कोणत्याही क्षणी दिसणाऱ्या उपग्रहांची संख्या वाढली. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २०१३ पासून उपग्रह सोडून उभारलेल्या प्रादेशिक प्रणालीस २०१६ मध्ये नाविक हे नाव देण्यात आले.

ग्राहीची उभारणी व कार्यपद्धती : तत्काळ गतिमान पद्धतीत एक ग्राही ज्ञात बिंदूवर स्थिर ठेवतात, त्यास आधार स्थानक म्हणतात. दुसरा ग्राही दांड्यावर बसवून मोजावयाच्या बिंदूंवर नेतात. मोजणीच्या व्यवहारात त्यास रोव्हर म्हणतात. आधार स्थानकासाठी क्षितिजापासून सु. १५ अंशांवरील आकाश सर्व बाजूंनी मोकळे असेल अशी जागा निवडतात. जवळ झाडे, पत्र्याची छपरे, उंच भिंती वा पाण्याचा विस्तीर्ण पृष्ठभाग असल्यास संकेत परावर्तित होऊन वळणाच्या मार्गाने आकाशकापर्यंत येतात व अंतर वाढलेले भासते. तिपाईचे पाय जमिनीत घट्ट रोवून तिचे शीर्ष समतल करतात व प्रकाशीय ओळंब्याच्या साहाय्याने आकाशकाचे केंद्र बिंदूच्या खुणेवर आणतात. त्यानंतर खुणेपासून आकाशकाची उंची मोजतात. ही उंची सरळ उभी मोजली की तिरपी, आणि आकाशकाच्या कोणत्या कडेपर्यंत मोजली, याची नोंद आवश्यक असते. उपग्रहांविषयीची सर्व आकडेमोड यंत्र करते, पण ही एक संख्या माणसानेच मोजून भरावयाची असल्याने चुकांचे ते एक नेहमीचे ठिकाण आहे; म्हणून कामाच्या आरंभी व अखेरीस अशी दोनदा ती मोजतात.

आधार बिंदूचे सहनिर्देशक ग्राहीत भरणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी होय. ज्ञात सहनिर्देशक हाताशी नसल्यास ग्राही स्वतःच काढलेले अंदाजी स्थान आधार म्हणून घेऊ शकतो. त्यात एकदोन मीटर वा अधिक चूक असू शकते व ती चूक त्या दिवशी मोजलेल्या प्रत्येक बिंदूत जशीच्या तशी उतरते. बिंदूंमधील अंतरे, शेताचा आकार व क्षेत्रफळ मात्र बरोबर येतात. त्यामुळे नकाशा पाहून चूक कळत नाही. शेजारच्या गटाची मोजणी वेगळ्या आधारावरून झाली व दोन्ही नकाशे जुळवून पाहिले, म्हणजेच ती उघड होते. तोपर्यंत कागदावर एका ठिकाणी दोन शेते एकमेकांवर चढलेली असतात, तर दुसऱ्या ठिकाणी मालक नसलेली पट्टी निर्माण झालेली असते.

रोव्हरचा दांडा त्यावरील बुडबुड्याच्या आधारे ओळंब्यात धरतात. २ मी. उंचीचा दांडा एक अंशाने कलला, तर वरचे टोक सु. ३.५ सेंमी. सरकते. पूर्णांक संख्या निश्चित झाल्याची खूण ग्राहीने दाखविल्यावरच बिंदू नोंदवितात. ती निश्चित नसताना मिळालेले उत्तर काही डेसिमीटरांनी चुकू शकते. झाडाखाली वा भिंतीलगत ग्राही चुकीची पूर्णांक संख्याही निश्चित म्हणून दाखवितो. यास्तव काम सुरू करण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या ज्ञात बिंदूवर रोव्हर ठेवून उत्तर पडताळतात आणि महत्त्वाचे बिंदू काही वेळ जाऊ देऊन, आकाशातील उपग्रहांची मांडणी बदलल्यावर पुन्हा मोजतात. आधार स्थानक व रोव्हर यांमधील अंतर वाढले, की दोन्ही ठिकाणचे आयनांबर व क्षोभावरण सारखे राहत नाहीत. म्हणून एका आधार स्थानकावरून हे काम सामान्यतः दहावीस किलोमीटरांच्या आतच करतात. नियंत्रण बिंदूंसाठी दोन्ही ग्राही एक तास किंवा अधिक काळ स्थिर ठेवण्याची पद्धत अधिक विश्वसनीय असते.

संदर्भ चौकटी : एव्हरेस्ट गोलाभ भारताच्या भूपृष्ठाशी जुळावा असा ठरविलेला होता, तर जीपीएसची डब्ल्यूजीएस–८४ ही चौकट पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राशी निगडित आहे. त्यामुळे एकाच दगडाचे दोन चौकटींतील अक्षांश-रेखांश भिन्न येतात. महाराष्ट्रात हा फरक जमिनीवर शंभर मीटरांच्या घरात जातो. जुन्या नकाशावरील अक्षांश-रेखांश रूपांतर न करता ग्राहीत भरल्यास भूमापक भलत्याच शेतात जाऊन उभा राहील. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एव्हरेस्ट गोलाभावरील व सर्वसामान्य वापरासाठी डब्ल्यूजीएस–८४ वरील अशा दोन नकाशामाला ठरविल्या. उंचीच्या बाबतीतही असाच भेद आहे. ग्राही गणिती गोलाभापासून उंची देतो, तर कालव्याचे पाणी सरासरी समुद्रपातळीच्या पृष्ठाला अनुसरून वाहते. मुंबईजवळ हे पृष्ठ गोलाभाच्या साठ मीटरांहून अधिक खाली आहे.

भारतीय भूपट्ट जागतिक चौकटीत ईशान्येकडे दरवर्षी सु. ५ सेंमी. सरकत असल्याने सहनिर्देशक कोणत्या वर्षाचे आहेत, हेही नोंदवावे लागते. वीस वर्षांत हा फरक सु. एक मीटर होतो. बांध जागचा हललेला नसतो. सारा प्रदेशच त्याच्यासह सरकलेला असतो.

भारत व महाराष्ट्रातील उपयोग : भारतीय सर्वेक्षण विभागाने उपग्रहीय पद्धतीने देशभर नियंत्रण बिंदू स्थापन केले व नंतर अखंड कार्यरत संदर्भ स्थानकांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला, सुरुवातीस हे काम हाती घेतलेल्या राज्यांत महाराष्ट्र होते. या स्थानकांवरील ग्राही रात्रंदिवस मापने घेतात व दुरुस्तीची माहिती मोबाइल जाळ्यातून रोव्हरला मिळते. त्यामुळे प्रत्येक भूमापकाने स्वतंत्र आधार स्थानक उभे करण्याची गरज कमी झाली. याहून महत्त्वाचे म्हणजे सर्वांचा आधार एकच झाला. ज्या दरीखोऱ्यांत मोबाइल संकेत पोहोचत नाहीत, तेथे मात्र आधार स्थानकाची जुनी रीतच अवलंबावी लागते.

महाराष्ट्राच्या भूमि अभिलेख विभागाच्या मोजणीत साखळीनंतर प्लेन टेबल, पुढे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन व त्यानंतर रोव्हर अशी साधने येत गेली. गावठाणांच्या ड्रोनद्वारे मोजणीचा प्रारंभिक प्रयोग पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी येथे झाला. २०२० मध्ये केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केली. या पद्धतीत ग्रामस्थांच्या समक्ष मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखतात, मग ड्रोनने छायाचित्रे घेतात आणि उपग्रहीय ग्राहीने मोजलेल्या नियंत्रण बिंदूंच्या आधारे ती जमिनीशी जुळवितात. हद्द कोठून जाते, हे यातही चुन्याची रेषा म्हणजेच शेजाऱ्यांची संमती सांगते. उपग्रह त्या रेषेचे स्थान फक्त नोंदवितो.

मर्यादा व महत्त्व : दाट झाडी, गावठाणातील अरुंद बोळ व उंच इमारतींच्या मधील जागा येथे ग्राही विश्वसनीय उत्तर देत नाही, तेथे टोटल स्टेशनची जोड द्यावी लागते. शेतजमिनीच्या बाबतीत याहून गंभीर मर्यादा अभिलेखाची आहे. साखळी व आण्यांत घेतलेली एकोणिसाव्या शतकातील मापे (एक आणा म्हणजे सु. ६३ सेंमी.) आणि सेंटिमीटरपर्यंतची उपग्रहीय मापे तंतोतंत जुळणे संभवत नाही. त्यात दगड हरवलेले, बांध कोरलेले व वाटण्या झालेल्या असतात. अशा वेळी रोव्हर सहनिर्देशक देतो, हद्द देत नाही. हद्द ही मूळ टिपण, फाळणी, जागेवरील खुणा, वहिवाट व लगतच्या धारकांचे म्हणणे यांवरून ठरवावयाची असते. यंत्राचा आकडा बारीक असल्यामुळे तो निर्णायकही आहे असा समज झाल्यास जुने वाद मिटण्याऐवजी नवे निर्माण होतात.

उलटपक्षी, एकदा रीतसर ठरलेल्या हद्दीचे सहनिर्देशक त्यांची चौकट, वर्ष व आधार यांसह जतन केले असता पुरात वाहून गेलेला वा उखडून टाकलेला दगड पुन्हा त्याच जागी रोवता येतो. पूर्वी दगड गेल्यावर पुरावा क्षीण होत असे आणि तो सरकविणाऱ्यास त्याचा लाभ मिळे. उपग्रहीय भूमापनाने ही स्थिती बदलण्याचे साधन उपलब्ध करून दिले आहे. त्याचा लाभ उपग्रहांच्या संख्येपेक्षा जमिनीवरील संदर्भ बिंदूंची जपणूक व नोंदींची शुद्धता यांवर अवलंबून राहतो.